वसंतापूर्वींची बाग

माघ महिना निम्मा सरला कीं सकाळच्या गारठ्यांत एक निराळीच ऊब मिसळूं लागते. काटेसांवरीवर पान म्हणून उरत नाहीं, पण लाल फुलांनीं ती भरून जाते. देशी बदामाचीं पानें तांबडीं होऊन गळतात आणि आंब्याच्या मोहोराचा वास रस्त्यापर्यंत येतो. अशा दिवसांत घरापुढें थोडीशी मोकळी जागा असलेल्या माणसाचे हात शिवशिवूं लागतात. ‘वसंत आला, आतां बागेचें कांहीं तरी केलें पाहिजे,’ असें त्याला वाटूं लागतें. तें कांहीं तरी म्हणजे काय, आणि काय करूं नये, याविषयीं आज चार गोष्टी सांगणार आहें. माझें बोलणें पुणें, सातारा, नाशिक, सोलापूर अशा देशावरच्या घरबागांना धरून आहे. कोंकणांतील दमट हवा आणि जांभ्याची माती यांचा हिशोब वेगळा. तो मी येथें मांडीत नाहीं.

प्रथम वसंत या शब्दाचाच थोडा विचार करूं. वसंतपंचमी माघांत येते, पंचांगांतला वसंत ऋतु चैत्र-वैशाखाचा, आणि बागकामाचीं इंग्रजी पुस्तकें ज्याला वसंत म्हणतात तो तिसराच. मी सातवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असतांना एका धड्यांत तिकडच्या वसंताचें वर्णन होतें. तें वाचून झाल्यावर एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, वसंतांत तिकडे सगळें हिरवें होतें, मग आपल्याकडे गवत पिवळें कां पडतें?” प्रश्न अगदीं मुळाशीं हात घालणारा होता. इंग्लंडांत हिंवाळ्यानें गारठलेली जमीन मार्च-एप्रिलांत ऊब धरूं लागते, अधूनमधून पाऊस चालूच असतो, आणि पुढें कित्येक महिने ऊन सौम्य असतें. त्यामुळें तेथील माळी त्या वेळीं जमीन उकरतो, झाडें छाटतो, गवताचें बीं पेरतो, खत देतो. तें सारें त्याला मानवतें. आपल्याकडे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत वळवाची एखादी सर आली तर आली. पुण्यासारख्या थंड म्हणविल्या जाणाऱ्या गांवींहि एप्रिलांत पारा चाळिसाच्या घरांत जातो आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत होते. म्हणजे आपला वसंत हा उन्हाळ्याचा उंबरठा आहे. बागेची वसंताची तयारी ही आपल्याकडे मातींतला ओलावा राखण्याची तयारी असते. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचें सर्व काम आपोआप सुचतें. आणि तेवढें विसरून तिकडचें पुस्तक उघडलें, तर बाग चैत्रांतच करपते.

मातींतलें पाणी जातें कोठें? समईची वात जसें तेल वर ओढते, तसें मातीच्या कणांमधल्या बारीक वाटांनीं खालचें पाणी वर चढतें आणि उन्हानें उडून जातें. काळ्या मातीला तर सुकतांना भेगा पडतात, आणि प्रत्येक भेग म्हणजे ओलाव्याला मोकळें दार. आपल्या शेतकऱ्यांत ‘एक कोळपणी, अर्धें पाणी’ अशी म्हण आहे. वरचा इंच-दीड इंच थर खुरप्यानें हलका मोकळा केला कीं भेगा बुजतात, वर चढण्याच्या वाटा तुटतात, आणि पाणी पिणारें तण निघतें तें वेगळेंच. कोणतेंहि पुस्तक न वाचलेल्या माणसानें काढलेलें हें शास्त्र आहे. माघांत वाफ्यांतून आणि झाडांच्या आळ्यांतून असें एक हलकें खुरपें फिरवावें. कुदळीनें खोल खणूं मात्र नये. खोल खणलेली जमीन आंतपर्यंत वाळते, आणि वरच्या थरांतलीं बारीक मुळें, जीं झाडाला खरोखर पाणी पाजतात, तीं तुटतात.

आतां हिरवळीकडे वळूं. घरापुढें हिरवळ असावी ही हौस आपण इंग्रजांकडून घेतली, आणि तिच्यासाठीं लागणारें गवत मात्र आपल्याच बांधावरचें निघालें. हिरवळीची हरळी आणि गणपतीला वाहतों ती दूर्वा हीं एकाच वनस्पतीचीं दोन नांवें. शेतकरी जिला शिव्या देत शेतांतून उपटतो, तीच शहरांतला गृहस्थ पैसे देऊन लावून घेतो! या गवताचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. तिकडचीं हिरवळीचीं गवतें गारव्यांत वाढतात. हरळी थंडींत मरगळते आणि ऊब आली कीं पुन्हा धांवूं लागते. त्यामुळें माघ-फाल्गुनांत तिला थोडा आधार दिला तर ती चांगला प्रतिसाद देते. पण तिला ऊन हवें. मोठ्या झाडाच्या दाट सांवलींत ती विरळच राहते. तेथें तिच्याशीं झगडत बसण्यापेक्षां ती जागा गळलेल्या पानांना द्यावी हें बरें.

हिरवळींत लव्हाळा शिरला असेल तर त्याची काढणी आतांच करावी. नुसता हातानें उपटला तर वरची पात हातांत येते आणि खालची गांठ जमिनींतच राहते. एका गांठीपासून दोऱ्यानें ओंवल्यासारख्या दुसऱ्या गांठी फुटलेल्या असतात. टोंकदार खुरप्यानें ती माळ उकरून काढावी लागते. काम कंटाळवाणें आहे, आणि तें एका वर्षांत संपत नाहीं, हेंहि सांगून ठेवतों. त्यानंतर पुरतें कुजलेलें शेणखत आणि बारीक माती समभाग घेऊन चाळावी, आणि हिरवळीवर पाव इंचाचा पातळ थर पसरावा. शंभर चौरस फुटांना चार घमेलीं पुरतात. गवताचीं टोंकें वर दिसत राहिलीं पाहिजेत. कच्चें शेण मुळींच घालूं नये. त्यानें तणाचें बीं आणि हुमणी या दोन्ही पाहुण्यांना आपण घरांत घेतों.

गवत कापण्याविषयीं लोकांचा मोठा गैरसमज आहे. जितकें आंखूड तितकें नीटनेटकें, असें समजून कित्येक जण तें जमिनीलगत भादरतात. उन्हाळ्याच्या तोंडावर तें दीड-दोन इंच राखावें. उंच पात आपल्याच मुळांवर सांवली धरते, आणि वर पात जितकी, खालीं मूळ तितकें, असा गवताचा साधारण नियम आहे. कापलेले बारीक तुकडे तेथेंच पडूं द्यावे. मळलेलें जुनें गवत खरवडून काढण्याचें जें मोठें काम असतें, तें या दिवसांत करूं नये. तें मे अखेरीस, पाऊस दाराशीं आल्यावर करावें. आतां खरवडलें तर उघडी पडलेली मुळें दोन महिने उन्हांत भाजतील.

आणि पाणी? येथें थोडें गणित करूं. जन्मभर शिकविण्याची संवय जात नाहीं. शंभर चौरस फूट जागेवर एक इंच पाणी उभें करावयाचें तर सुमारें २३५ लिटर पाणी लागतें. एप्रिल-मेमध्यें हिरवळ खरोखर हिरवी ठेवावयाची तर आठवड्याला निदान इंचभर पाणी द्यावें लागेल. हजार चौरस फुटांची हिरवळ धरली तर आठवड्याला सुमारें २,३५० लिटर झालें. शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना माणशीं दररोज १३५ लिटर हें मान धरण्याची आपल्याकडे पद्धत आहे. म्हणजे त्या हिरवळीनें एका आठवड्यांत सतरा माणसांचें एका दिवसाचें पाणी पिऊन टाकलें. ज्या शहराच्या एका टोंकाला उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत हंडे रांगेंत उभे असतात, त्याच शहराच्या दुसऱ्या टोंकाला हें पाणी गवतावर पडावें, हें माझ्या मनाला पटत नाहीं. पिण्याचें पाणी हिरवळीवर सोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. विहिरीचें, किंवा शुद्ध करून पुन्हा वापरांत आणलेलें पाणी हातीं असेल तर तें आठवड्यांतून एकदां, सकाळीं लौकर, चांगलें खोल मुरेपर्यंत द्यावें. रोजच्या रोज पाईपाच्या तोंडाशीं अंगठा धरून उडविलेलें पाणी वरचा अर्धा इंच भिजवितें आणि दुपारपर्यंत उडून जातें; मुळेंहि मग पाण्याच्या आशेनें वरच राहतात आणि करपतात. पाणी मुळींच नसेल तर? तर हिरवळ पिवळी पडूं द्यावी. हरळी वरून वाळली तरी जमिनीखालचें तिचें खोड जिवंत असतें, आणि मृगाच्या पहिल्या दोन सरींत ती पुन्हा हिरवी होते. पुणेरी उन्हाळ्यांत अंगणांतलें गवत पिवळें असणें यांत लाज वाटण्यासारखें कांहींहि नाहीं.

या ऋतूंतल्या बागेचें खरें धन मात्र गवत नव्हे, तर पाला आहे. माघ-फाल्गुनांत पिंपळ, बदाम, सांवर, कडुनिंब हीं झाडें पानें टाकतात. निसर्गाची वेळ पाहा: उन्हाळा सुरू होण्याच्या बरोबर आधीं झाड आपल्या पायाशीं एक जाड पांघरूण अंथरतें. आणि आपण काय करतों? भल्या पहाटे खराट्यानें तें पांघरूण ओढून काढतों, त्याचा ढीग करतों आणि काडी लावतों. आमच्या शेजारच्या एका गृहसंकुलांत रोज सकाळीं असा ढीग पेटत असे. तेथील माळ्याला मीं एकदां हटकलें, तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, मला काय धूर खायची हौस आहे? पानं दिसली की वरून ओरडतात, माळी कामचुकार आहे म्हणून.” त्याचें म्हणणें खरें होतें. दोष त्याचा नव्हता. अंगण म्हणजे सारवल्यासारखें उघडें हवें, ही आपली दृष्टि घराच्या ओटीवरून बागेंत उतरली आहे. ओटीला ती शोभते, बागेला मारक होते. पानांच्या धुरानें लहान मुलांचा आणि दम्याच्या माणसांचा जीव घुसमटतो, तो भाग वेगळाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१६ च्या डिसेंबरांत उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली, आणि साध्या जाळण्यासाठीं ५,००० तर मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठीं २५,००० रुपये दंड ठरवून दिला. दंडाच्या भीतीनें कां होईना, काडी खिशांत राहिली तर चांगलेंच.

ह्या पानांचें करावयाचें काय? निम्मीं पानें जशींच्या तशीं झाडांच्या आळ्यांत आणि वाफ्यांतल्या रोपांमधून दोन-तीन इंच जाड पसरावीं. आधीं पाणी द्यावें, मग पानें घालावीं; कोरड्या मातीवर पांघरूण घातलें तर कोरडेपणाच राखला जातो. बुंध्याभोंवतीं मात्र एक वीत जागा मोकळी सोडावी, म्हणजे साल कुजत नाहीं आणि वाळवीला आडोसा मिळत नाहीं. पानें वाऱ्यानें उडतात ही तक्रार नेहमीं ऐकूं येते. त्यांवर झारीनें थोडें पाणी शिंपडावें आणि मूठ-दोन मुठी माती टाकावी. दोन दिवसांत तीं बसतात. अशा पांघरुणाखालीं दुपारीं हात घालून पाहा. बाहेरची माती चटका देते आणि आंतली गार व ओलसर लागते. ज्या रोपाला एरवीं रोज पाणी लागे, त्याला एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड पुरतें.

उरलेल्या निम्म्या पानांचें खत करावें. या बाबतींत आपल्या माणसांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळांत इंदूर येथील कृषिसंशोधन संस्थेचे प्रमुख होते. शेतांतला पालापाचोळा, काडीकचरा आणि शेण यांचे थर देऊन, हवा आणि ओल यांचें प्रमाण राखून, तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची जी रीत तेथें बसविली गेली, ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर पसरली. त्या कामावरचा इंग्रजी ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीनें यशवंत वाड यांचें नांव आहे. परदेशांतल्या बागायतदारांना इंदूर हें नांव खताच्या ढिगावरून ठाऊक झालें. आपल्याला तें पोहे-जिलबीपुरतेंच ठाऊक असतें! पुढें कोल्हापुरास श्रीपाद अच्युत दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनीं ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि घरच्या घरीं पालापाचोळ्यापासून माती तयार करण्याचा नाद हजारों कुटुंबांना लावला.

घरापुरती रीत सोपी आहे. परसाच्या कोंपऱ्यांत, सांवलींत, तीन फूट लांब, तीन फूट रुंद अशी जागा घ्यावी. अर्धा फूट वाळकीं पानें, त्यांवर भाज्यांचीं देठें-सालें किंवा ओला पाला, त्यावर शेणकाला आणि मूठभर माती, असे थर कमरेइतके चढवावे. नुसतीं वाळकीं पानें वर्ष वर्ष कुजत नाहींत. त्यांना ओल्या हिरव्या मालाची किंवा शेणाची जोड हवीच. पिळलेल्या धुतल्या कापडाइतका ओलावा ढिगांत असावा. पंधरा दिवसांनीं, महिन्यानें आणि दोन महिन्यांनीं ढीग वर-खालीं उलथावा. फाल्गुनांत रचलेला ढीग पावसाळी लावणीच्या वेळेला खत होऊन हातीं येतो. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीं उपटलें तर तेंहि ढिगांत चालतें. फुललेलें मात्र घालूं नये, नाहीं तर तें खताबरोबर साऱ्या बागेंत पसरेल. ज्यांच्याकडे पानें फार आणि जागा थोडी, त्यांनीं तीं गरजूंना द्यावीं. पुण्यांत ‘ब्राऊन लीफ’ या नांवानें चाललेला नागरिकांचा उपक्रम पानें असणाऱ्यांची आणि पानें हवीं असणाऱ्यांची गांठ घालून देतो. पानांनाहि गिऱ्हाईक असतें, हें यावरून दिसेल.

आतां छाटणीची कात्री. तिकडचीं पुस्तकें गुलाब वसंताच्या तोंडावर छाटावयास सांगतात, कारण तेथें कडाक्याच्या थंडीचें भय तेव्हां सरत आलेलें असतें. आपल्याकडे गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरांत होते. फेब्रुवारी-मार्चमध्यें खोल छाटणी केली तर फुटलेले कोंवळे धुमारे एप्रिलच्या उन्हांत होरपळतात. या दिवसांत गुलाबाचीं सुकलेलीं फुलें आणि वाळक्या काड्या तेवढ्या काढाव्या. जानेवारींत, प्रजासत्ताकदिनाच्या सुमारास, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्यें फुलांचें प्रदर्शन भरतें. तेथें गुलाब पाहून घरीं आलेले कित्येक जण उत्साहाच्या भरांत लगेच कात्री उचलतात. त्यांनीं ती खालीं ठेवावी.

मोगऱ्याचें याच्या उलट आहे, आणि आपल्या वसंताचें खरें फूल कोणतें असेल तर तें मोगऱ्याचें. त्याची फुलें नव्या फुटीवर येतात. म्हणून मार्गशीर्ष-पौषांत त्याचें पाणी तोडून त्याला विश्रांति द्यावयाची, पानें थोडीं पिवळीं पडूं द्यावयाचीं, आणि जानेवारी अखेरीस झुडूप जमिनीपासून सुमारें दीड फुटावर छाटावयाचें. छाटल्यावर आळें हलकें खुरपून घमेलेंभर शेणखत घालावें, भरपूर पाणी द्यावें आणि वर पाल्याचें पांघरूण घालावें. थोड्याच दिवसांत जोमदार फुटवे येतात आणि मार्चपासून कळ्या धरूं लागतात. ज्यांनीं हिंवाळाभर प्रेमानें रोज पाणी घातलें, त्यांचा मोगरा पानांनीं हिरवागार आणि फुलांनीं कंजूष असतो. ज्यांची छाटणी राहिली असेल त्यांना माघांतहि ती करतां येते. फुलें थोडीं उशिरां येतील इतकेंच.

आंब्याचें झाड असेल तर मोहोरावर असतांना त्याच्या वाटेला जाऊं नये. पाणी नको, खणणें नको, औषध मारणेंहि नको, कारण मोहोरावर बसणाऱ्या माशा आणि मधमाश्याच फळ धरवितात. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या म्हणजे पाणी सुरू करावें, आणि तेंहि बुंध्याशीं न ओततां फांद्यांचा घेर जेथें संपतो तेथें गोल आळें करून द्यावें. मेंदीचें किंवा कोयनेलचें कुंपण थोडेंसें सारखें करण्यास हरकत नाहीं. पण आधीं आंत पक्ष्याचें घरटें नाहीं ना, तें पाहावें.

भाज्यांसाठीं एक वाफा राखावा. हिंवाळी भाज्या उतरल्या कीं भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलें यांचें बीं फेब्रुवारींतच पडलें पाहिजे, म्हणजे ऊन चढण्याआधीं रोपें पाय रोवतात. वेलवर्गाजवळ एक साधें, न भाजलेलें म्हणतां येणार नाहीं पण झिलई न दिलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें आणि वर झांकण ठेवावें. मडक्याला पाणी जसें बाहेरून पाझरून येतें, तसें तें मातींत पाझरतें, आणि वेलाचीं मुळें त्याला बिलगून बसतात. मी हें दोन वेलांना एक मडकें या प्रमाणांत करतों आणि तें तीन-चार दिवसांनीं भरतों. फुलांपैकीं झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल आणि चिनी गुलाब हीं उन्हाला दाद न देणारीं आहेत; फ्लॉक्स आणि डॉग फ्लॉवर आतां जाणारच, त्यांचें बीं धरून ठेवावें.

कोरड्या उन्हाबरोबर दोन शत्रु येतात: जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आणि पानांखालीं जाळें विणणारा लाल कोळी. रोज सकाळीं पानें उलटून पाहण्याची संवय ठेवली तर ते आरंभींच सांपडतात. पानांच्या खालच्या अंगावर पाण्याची जोरदार धार सोडली कीं पुष्कळ काम भागतें. तेवढ्यानें न भागलें तर निंबोळीच्या ५० ग्रॅम भुकटीचा रात्रभर लिटरभर पाण्यांत भिजवून गाळलेला अर्क थोड्या साबणासह संध्याकाळीं फवारावा. भर दुपारीं फवारलें तर पानें करपतात.

ज्यांची बाग गच्चीवर किंवा खिडकींत आहे, त्यांनीं कुंड्या एकमेकींना चिकटून, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर मांडाव्या, आणि त्यांतहि पाल्याचें पांघरूण घालावें. कुंडी चारी बाजूंनीं तापते, म्हणून तिला त्याची गरज जमिनीहून अधिक. पाणी द्यावें कीं नाहीं हें घड्याळाला विचारूं नये. बोट दोन पेरें मातींत घालावें. टोंकाला ओल लागली तर झारी परत ठेवावी. तांदूळ-डाळ धुतलेलें पाणी कुंड्यांना निर्धास्त घालावें.

ज्येष्ठांत ढगांची चाहूल लागली म्हणजे हिरवळ खरवडणें, तयार झालेलें खत चाळणें आणि निशिगंधाच्या गड्ड्यांची, पावसाळी रोपांची लावणी, हीं कामें निघतात. त्यांविषयीं पुन्हा केव्हां तरी बोलूं. तूर्त माघाचे आणि फाल्गुनाचे दिवस हातांत आहेत, आणि उद्यां सकाळीं खराटा निघण्यापूर्वीं पानें कोठें टाकावयाचीं, तें माळ्याला आजच सांगून ठेवावें.